महागूच्या विहिरीवरची पाटी

पंपघराची किल्ली पुनाराम गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात आहे हे सकाळच्या चहालाच सगळ्या घराला कळलं, आणि तिथून जो दिवस बिघडला तो बिघडतच गेला.

गुरुजींचे वडील महागू यांच्या स्मृतिदिनाला घर दरवर्षी भरतं. बालाघाटहून गुरुजींचे धाकटे भाऊ महेंद्र येतात, नागपूरहून मुलगी दीपिका येते, थोरला मुलगा भोजराज तर इथंच, मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या या गावात, शेती करून असतो. बुद्धवंदना होते, खीर शिजते, आणि जेवणाआधी सगळे जण महागूंनी खणलेल्या विहिरीवर जाऊन एकेक ओंजळ पाणी पितात. यंदा विहिरीशेजारी एक नवी वस्तू उभी होती, माणसाएवढी निळी टाकी. टाकीत दीपिकाने नागपूरच्या प्रयोगशाळेत तयार केलेले पांढरे दाणे होते, खाली तोटी होती, आणि वर लोखंडी चौकटीत पाटी होती. पाटीवरचं कापड आज सरपंचाच्या हातून काढायचं असा भोजराजचा बेत होता. ते काल संध्याकाळी वाऱ्यानंच काढलं. गुरुजींनी पाटी वाचली, पंपघराला कुलूप घातलं आणि न जेवता झोपले.

पाटीवर पेंटरनं सुबक अक्षरांत लिहिलं होतं, "महागू कुआँ, नैनो तकनीक से जल शुद्धिकरण." मजकूर दीपिकाचा होता. तिनं तो फोनवरून सांगितला होता आणि पेंटरनं एकही चूक न करता उतरवला होता, याचंच तिला केवढं कौतुक.

गुरुजी का चिडले याचा ज्यानं त्यानं आपापल्या परीनं अंदाज बांधला, आणि प्रत्येकाला त्यात दुसऱ्याचीच चूक दिसली. भोजराजला वाटलं, पाटी मराठीत नाही म्हणून. महेंद्रांना वाटलं, सरपंचाला बोलावताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं नाही म्हणून. खरं तर विचारलं नव्हतं ते महेंद्रांना. गुरुजींच्या बायकोला, गीताबाईंना, काहीच वाटलं नाही. त्या खिरीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. नवऱ्याच्या रागाचं कारण शोधायचं त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिलं होतं.

दीपिका सपरीत, पुढच्या पडवीत, बापासमोर जाऊन बसली. गुरुजींनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं होतं. तेही कालचं.

"बाबा, किल्ली द्या न," ती म्हणाली. "पंप चालवून पानी एकदा टाकीतून काढून पाहा लागते. मले उद्या वापस जायचं आहे."

गुरुजींनी पान उलटलं.

दीपिकानं ही टाकी अधिकाऱ्यांना समजावून सांगितली होती, परीक्षकांना सांगितली होती, एकदा तर भर बैठकीत झोपलेल्या एका साहेबांना जाग आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितली होती. वर्तमानपत्राला समजावून सांगायची वेळ मात्र आजच आली. तरी तिनं सुरुवात केली. पाण्यात फ्लोराइड आहे. ते दिसत नाही, त्याला वास नाही, उकळून जात नाही. खालच्या खडकातून उतरतं, लेकरांचे दात डागाळतं, मग हाडात शिरून गुडघे वाकवतं. टाकीतल्या दाण्यांवर ॲल्युमिनाचा लेप आहे आणि त्याचे कण इतके बारीक आहेत की मूठभर दाण्यांचा आतला पसारा आपल्या धानाच्या सगळ्या बांध्यांएवढा होतो. पाणी त्या सगळ्या पसाऱ्यावरून वाहत येतं आणि फ्लोराइड तिथंच चिकटून राहतं.

"नॅनो म्हंजे ते लहान गाडी न वं?" महेंद्रांनी खाटेवरून विचारलं.

हा विनोद त्यांनी मागच्या खेपेलाही केला होता, फोनवरही केला होता, आणि दर वेळी स्वतःच आधी हसले होते. दीपिकानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी आपल्या बालाघाटच्या घरातल्या मशीनचं वर्णन सुरू केलं, की त्याला लाल दिवा आहे, हिरवा दिवा आहे, आणि पाणी गोड येतं. त्या मशीनमधून जेवढं पाणी मिळतं तेवढंच मोरीत वाहून जातं, आणि अख्ख्या टोलीला, सगळ्या वस्तीला, ते परवडणारं नाही, हे दीपिकानं सांगितलं तेव्हा महेंद्रांचा चेहरा पडला. आपल्या घरच्या वस्तूला नावं ठेवलेली त्यांना कधीच खपत नसे. त्यांनी लगेच थोरल्या भावाची बाजू घेतली आणि जाहीर केलं की भाऊ म्हणतात तेच बरोबर आहे. भाऊ तर काल संध्याकाळपासून काहीच म्हणाले नव्हते.

मग बापाला जरा बरं वाटावं म्हणून दीपिका जे बोलली ते तिनं बोलायला नको होतं.

"आजोबाच्या पान्यात काई खोट नाई, बाबा. वरच्या झऱ्याचं पानी मी तपासलं, ते चांगलं आहे. खराब आहे ते बोरचं."

एका उन्हाळ्यात विहीर पार आटली तेव्हा भोजराजनं तिच्या तळातच बोर मारला होता. तेव्हापासून टोलीला बारमाही पाणी होतं, आणि भोजराजच्या आयुष्यात कोणी कौतुक केलेलं तेवढं एकच काम होतं.

या घरात कुठलीही गोष्ट नुसती खरी नसते, ती लगेच कोणाच्या तरी विरोधात जाते. सरपंचासाठी अंगणात खुर्च्या मांडणारा भोजराज हातातली खुर्ची तशीच घेऊन सपरीत आला.

"म्हंजे माह्या पोरीचे दात मीच खराब केले?"

"मी असं म्हनलं का, दादा?"

"पानी नव्हतं तवा तू नागपूरले होतीस. तुह्ये ते दाने कुठी होते तवा? बोर मारला तवा पयली ओंजळ बाबांनी घेतली, इचार त्याइले."

बोर नको असं आपण तेव्हाच सांगितलं होतं, असं महेंद्र म्हणाले. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. बोरच्या गाडीशेजारी कमरेवर हात ठेवून काढलेला त्यांचा फोटो अजून समोरच्या भिंतीवर होता आणि त्यात ते फार प्रसन्न दिसत होते. दीपिकानं कपाळाला हात लावला. भोजराज खुर्ची आपटून अंगणात गेला, तिथून परत आला, आणि पुन्हा तेच बोलला.

नूतन, भोजराजची बायको, हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्याजवळ तिची मुलगी समीक्षा मटारच्या शेंगा सोलत होती. पोरगी तिसरीत होती आणि घरात मराठी ऐकायची, पण बोलायची हिंदीच. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे उतरले होते. शाळेत कोणीतरी तिला विचारलं होतं, "गुटखा खाती है क्या?" तेव्हापासून ती बोलताना तळहात तोंडावर धरायची. हळूहळू घरच्यांना त्या हाताची इतकी सवय झाली की तो कोणाला दिसेनासा झाला. गुरुजी तर नातीला लाजाळू समजत. पाहुण्यांना कौतुकानं सांगत की आमची समीक्षा आज्यासारखी आहे, कमी बोलते.

गोंदियाच्या डॉक्टरांनी नूतनला साफ सांगितलं होतं. पुढच्या दातांचं जे झालं ते झालं. मागचे अजून हिरडीत आहेत, हाडं अजून वाढायची आहेत, तेवढी वाचवायची असतील तर पाणी बदला. नूतननं घरात हे सांगून पाहिलं होतं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले होते की याच पाण्यावर मी वाढलो, माझी पोरं वाढली. त्यानंतर तिनं सांगणं सोडलं आणि भोजराजकडून किरनापूरहून पाण्याचा कॅन मागवायला लागली. कॅन धानाच्या कोठीमागे पोत्याखाली असायचा. समीक्षा त्यातलं प्यायची आणि ते कोणाला सांगायचं नाही एवढं तिला कळत होतं.

नेमकी आजच महेंद्रांना रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. पेला शोधत ते आत आले, कोठीमागे वाकले आणि तिथूनच म्हणाले, "अरे, हे काय आहे?"

सगळे जमले. कॅन स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला गेला. नूतननं नवऱ्याकडे पाहिलं. कॅन मोटरसायकलला बांधून आणणारा तो. बांधायची दोरीसुद्धा त्याची, तिची गाठ अजून कॅनच्या कड्याला होती. भोजराज त्या गाठीकडे पाहत उभा राहिला. नूतनला त्या क्षणी त्याचा जेवढा संताप आला तेवढा सासऱ्यांचाही कधी आला नव्हता.

गुरुजींनी वर्तमानपत्र पहिल्यांदाच खाली ठेवलं होतं. ते काठी टेकत दारापर्यंत आले.

"माह्या घरात माह्या बापाच्या विहिरीचं पानी चालत नाई?"

"चालत नाई असं नाई, मामाजी," नूतन म्हणाली. "पोरीले चालत नाई."

"भोजराज, सरपंचाले फोन लाव. येऊ नको म्हन. या घरात शुद्धिकरण होनार नाई."

हा शब्द त्यांनी दाताखाली खडा आल्यावर थुंकावा तसा टाकला. भोजराज फोन घेऊन बाहेर पळाला; त्याला तेवढंच निमित्त हवं होतं. सरपंच तसाही परसवाड्याच्या एका लग्नात अडकला होता आणि यायचं रद्द झाल्याचं ऐकून खूश झाला.

दीपिका मात्र जागची हलली नाही. सकाळपासून हिंदी, सरपंच, बोर, मानपान असं सगळं घोळवल्यावर आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं.

"बाबा, तुमचा राग टाकीवर नाई, त्या शब्दावर आहे?"

गुरुजींना सांगायचं नव्हतं. विहिरीची गोष्ट ते दरवर्षी सांगत. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, विहिरीच्या ओट्यावर आपल्या माणसांना चढू देत नसत. खाली ओंजळ धरून उभं राहायचं, वरून कोणी ओतलं तर पाणी, नाही तर घरी. म्हणून छप्पन सालची दीक्षा घेऊन आल्यावर महागूंनी स्वतःच्या जागेत कुदळ मारली, खडक लागला तरी सोडली नाही, आणि पाणी लागलं तेव्हा हाताशी भांडं नव्हतं म्हणून ओंजळीनंच प्यायले. तीच ओंजळ अजून चालली होती, फक्त ओतणारा हात आता घरचा होता. एवढी गोष्ट समीक्षालाही पाठ होती. पण त्या गोष्टीत एक जागा अशी होती की तिथं आल्यावर गुरुजी दरवर्षी हळूच पुढे सरकत.

"मीच होतो तो," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"मालगुजाराच्या विहिरीवर. माय दुपारपर्यंत ओंजळ धरून उभी होती, कोनी ओतून नाई राह्यलं होतं. मी लहान होतो. ओट्यावर चढलो, दोराले हात लावला. ओला होता, थंड लागला, म्हनून धरून राह्यलो. बस, एवढंच केलं मी."

दुसऱ्या दिवशी त्या विहिरीवर पंडित आला. गोमूत्र आलं, मंत्र झाले, घंटा वाजली. गाव गोळा झालं तसा छोटा पुनारामही गेला आणि लांब मोहाच्या झाडाखाली उभा राहून पाहत राहिला. त्याला वाटलं जत्रा आहे. घंटा वाजली तेव्हा त्यानं टाळ्याही वाजवल्या. हे सगळं आपल्या एका हातासाठी चाललं आहे हे त्याला संध्याकाळी बापानं सांगितल्यावर कळलं. याला काय म्हणतात, असं त्यानं विचारलं होतं, आणि महागूंनी तो एक शब्द सांगितला होता.

"लिहायले शिकायच्या आधी मी तो शब्द शिकलो," गुरुजी म्हणाले. "एवढी वर्षं शाळा केली, फळ्यावर कदी लिहिला नाई. धड्यात आला तर पोरायले म्हनो, मनातल्या मनात वाचा. आन तू तो माह्या बापाच्या नावापुढं रंगवून आनला."

गीताबाईंचा खिरीतला डाव थांबला होता. महेंद्र तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि भावानं ही गोष्ट आपल्यालाही कधी सांगितली नाही याचंच त्यांना आधी वाईट वाटलं.

दीपिकाला आधी बापाचा राग आला. ही गोष्ट आयुष्यभर पोटात ठेवायची आणि मग पाटी वाचून कुलूप घालायचं, म्हणजे समोरच्यानं समजायचं तरी कसं. मग स्वतःचा आला. महाडच्या तळ्याचं शुद्धीकरण तिला लहानपणापासून ठाऊक होतं. जयंतीच्या भाषणात तिनं ते स्वतः, मूठ आवळून, सांगितलं होतं. तरी पाटीचा मजकूर सांगताना भाषणातला तो शब्द आणि रसायनाच्या पुस्तकातला हा शब्द एकच आहेत हे तिच्या डोक्यात आलं नाही. ज्यांच्या घरात हा शब्द चुकूनही यायला नको, त्याच घराच्या शिकलेल्या मुलीनं तो ऑइलपेंटमध्ये लिहवून घेतला होता.

"मी पान्यातून कोनाचा हात नाई काढून राह्यली, बाबा," ती म्हणाली. "दगड काढून राह्यली."

"मंग तसं लिहायचं होतं."

पाटी आजच उतरवते, उद्या जायच्या आधी दुसरी करून आणते, असं ती म्हणाली. गुरुजी म्हणाले, करून आण, मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की दीपिकाला ओरडावंसं वाटलं. जो माणूस आत्ता सगळ्यांना रडवण्याच्या बेतात होता तोच पुन्हा नेहमीसारखा हट्टी होऊन बसला होता.

"पुढच्या वर्षी तिचे मागचे दात येतीन, मामाजी," नूतन म्हणाली.

गुरुजींनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी कोनाड्यातला पितळी लोटा घेतला. "चला विहिरीवर," ते म्हणाले. "खीर थंडी होऊन राह्यली."

विहिरीवर ऊन छान पडलं होतं, पण त्याचा उपयोग करून घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. गुरुजी ओट्यावर चढले, बादली सोडली, ओढली आणि लोटा भरला. दरवर्षीच्या क्रमानं आधी महेंद्र पुढे आले. जवळच्या हट्टा गावची पायऱ्यांची बावली राजानं बांधली तर लोक फोटो काढायला जातात, आपली एकट्या माणसानं खणली तर तिचा फोटो कोणी काढत नाही, हे ते दरवर्षी पाणी पिण्याआधी म्हणत. आजही म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. दुसरी पाळी गीताबाईंची होती.

गीताबाईंनी ओंजळ पुढे केलीच नाही.

"मी त्या तोटीचं पिईन," त्या म्हणाल्या.

"तोटी बंद आहे."

"चालू होईन तवा पिईन. तवर राहीन तहानलेली. माह्ये गुडघे तुमी पाह्यले का कदी, गुरुजी? पोरगी मनते त्या पान्यानं होते. होत असन, नसन, मले नाई माहीत. पन पोरीनं एवढं केलं तं पिऊन पाहीन."

एवढं बोलून त्या पंपघराच्या पायरीवर जाऊन बसल्या. संसारात पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत बाजू घेतली होती आणि ती नवऱ्याची नव्हती. गुरुजी लोटा हातात घेऊन पाहत राहिले. त्यांच्यामागून भोजराज घाईनं ओंजळ भरून प्यायला, जणू आपण तरी बापाला सोडलेलं नाही हे दाखवायला. दीपिकाही प्यायली. नूतननं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"एका ओंजळीनं काई होत नाई, वहिनी," दीपिका हळूच म्हणाली. ते शास्त्राला धरून होतं.

"तुमाले काई होत नाई," नूतन म्हणाली.

मग तिनं समीक्षाला आपल्या पाठीमागे ओढलं आणि सांगितलं की पोरगी पिणार नाही, ओंजळभरही नाही. त्यावर भोजराज तिला सगळ्यांदेखत शोभा करू नको म्हणाला. कॅनच्या वेळी तोंड कुठं गेलं होतं, असं तिनं विचारलं. कॅन कोण आणत होतं हे त्यातून फुटलं, आणि महेंद्र भोजराजवर घसरले, की बापाला फसवतोस. दीपिका मध्ये पडली तर दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं. वरती गुरुजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की ही ओंजळ माझ्या बापापासून चुकलेली नाही. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

"मैं पी लेती हूँ," समीक्षा म्हणाली.

ती आईच्या मागून बाहेर आली होती. तळहात तोंडावर होता, त्यामुळे कोणाला नीट ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, "मी पिते. फिर सब लोग चुप हो जाना." आणि नूतननं हात धरायच्या आत ती ओट्याखाली जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात जोडून ओंजळ वर धरली.

गुरुजींनी लोटा तिरपा केला. ओतताना नजर ओंजळीवर ठेवायची असते, धार चुकू नये म्हणून. दरवर्षी ते असंच ओतत आले होते, एक ओंजळ झाली की पुढची. आज लोटा घाईत वाकडा धरला गेला, म्हणून त्यांनी जरा थांबून धार धरायचा प्रयत्न केला.

"आबाजी, डालो न," समीक्षा म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. पोरीचे दोन्ही हात ओंजळीत गुंतले होते. तोंड उघडं होतं, मान वर होती आणि ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. जुन्या पत्र्यावर गंज ओघळावा तसे पट्टे तिच्या सगळ्या पुढच्या दातांवर ओघळले होते.

"हे कदीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"दात आले तवापासून, मामाजी," नूतन म्हणाली.

लोट्यातलं पाणी ओंजळीत पडलं नाही, बाजूला ओट्यावर सांडलं. गुरुजींना ते कळलंही नाही. त्यांना मालगुजाराच्या विहिरीवरचे लोक आठवत होते, आणि लहानपणापासून गुरुजींना वाटत आलं होतं की आपण त्यांचं सगळं विसरलो असलो तरी एक गोष्ट विसरलो नाही. ते ओतणारे ओंजळीकडे पाहत. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहायची त्यांना कधी गरज पडली नाही. आपली नात तिसरीत गेली, दरवर्षी आपण तिच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि तिचे दात आपल्याला आज दिसले, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकला.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. दीपिकानं हात पुढे केला, भोजराजनंही केला. गुरुजींनी ती नूतनला दिली.

नूतननं कुलूप काढलं, खटका दाबला, आणि पंप हूं की चूं न करता तसाच राहिला. लाइट गेली होती.

दीपिका पंपघराच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. भोजराज लाइनमनला फोन लावत राहिला. महेंद्र आपल्याकडे बालाघाटला लाइट कशी जात नाही ते सांगू लागले, पण गीताबाईंनी पायरीवरून पाहिल्यावर थांबले. गुरुजींनी मात्र तो वेळ वाया घालवला नाही. त्यांनी भोजराजला पाटी उतरवायला लावली, ती मांडीवर घेऊन ओट्यावर बसले आणि खुरप्यानं तो एक शब्द खरडायला लागले. पेंटरनं रंग चांगला वापरला होता, निघता निघेना. दीपिका थिनर आणते म्हणाली. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"त्या जागी काय लिहायचं, बाबा?" भोजराजनं विचारलं.

दीपिकानं फ्लोराइड निवारण सुचवलं. महेंद्रांनी नॅनो प्लांट सुचवलं आणि ते नेमके गाडीचं बोलणार इतक्यात स्वतःला आवरलं.

"काई नाई लिहायचं," गुरुजी म्हणाले. "महागू कुआँ लिहिलं आहे, जल लिहिलं आहे. तेवढं पुरे."

पाटीवर शब्दाच्या जागी उघडा पत्रा दिसायला लागला तेव्हा कुठे पंप आपसूक घरघरला. तोटी आधी खोकली, मग हवा सोडली, मग पाणी आलं. समीक्षा धावली, पण दीपिकानं तिला अडवलं. पहिल्यांदा बरंच पाणी सोडून द्यावं लागतं, दाणे धुऊन निघायला हवेत, असं ती म्हणाली. एवढा तमाशा झाल्यावर आता हेही राहिलं होतं, असं भोजराज पुटपुटला. सगळे उभे राहून पाणी वाहून जाताना पाहत राहिले. शेवटी दीपिकानं मान हलवली.

समीक्षा तोटीसमोर गेली आणि सवयीनं ओंजळ धरून कोणी ओतायची वाट पाहत थांबली. गुरुजींनीही सवयीनंच लोटा उचलला. मग तो खाली ठेवला.

"कोनी ओतनार नाई आता," ते म्हणाले. "तूच खोल."

तिनं तोटी उघडली आणि ओंजळीनं प्यायली. दुसऱ्यांदा प्यायली. "कुछ टेस्ट ही नहीं है इसका," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता ओला तळहात तोंडावर गेला. दीपिकानं ते पाहिलं. टाकीतले दाणे कितीही बारीक केले तरी त्या हातावर त्यांचा काही उपाय नव्हता.

गुरुजी काठी टेकत ओट्यावरून उतरले आणि नातीसमोर येऊन उभे राहिले.

"हात काढ, बाई," ते म्हणाले. "पाहू दे मले."

समीक्षानं आईकडे पाहिलं. मग तिनं हात काढला.